काडतुसं भरायचं जुनं सामान: काय जपायचं आणि काय घरात ठेवायचंच नाही

गावाकडचं घर विकायचं ठरलं की आधी माळा रिकामा करावा लागतो. मुरबाड, शहापूर, वाडा या पट्ट्यात ज्यांच्या घरी एके काळी परवान्याची बाराबोर बंदूक होती, त्यांच्या माळ्यावरून पितळी घंगाळं आणि तांब्याचे हंडे उतरतात, तशी कधीकधी एक जड लाकडी पेटीही उतरते. आत मेजाला आवळायचा स्क्रू आणि फिरवायची मूठ असलेलं एक लोखंडी यंत्र. दांड्यावर आकडे कोरलेला पितळी पेला. लाकडी ठोकणी. पुठ्ठ्याच्या आणि नमद्याच्या गोल चकत्या. पत्र्याचे एकदोन चपटे डबे, त्यांची लेबलं कसरीने निम्मी खाल्लेली. आणि तळाशी पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी कवचं. ठाण्यात, ऐरोलीत, वाशीत फ्लॅटमध्ये राहणारी तिसरी पिढी पेटी उघडते, फोटो काढते आणि विचारते, "याचे किती येतील?"

मला या सामानाची आवड आहे हे ओळखीच्यांना ठाऊक असल्यामुळे असे फोटो माझ्याकडे येत राहतात. किमतीचं मी सगळ्यात शेवटी बोलतो. आधी विचारतो की आत काही जिवंत आहे का, परवाना कोणाच्या नावावर होता आणि पेटी आत्ता कुठे ठेवली आहे. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर येतं, "बाल्कनीत."

काडतुसं घरी भरण्याचं जुनं सामान जमवणं हा अमेरिकेत आणि इंग्लंडात रुळलेला छंद आहे. आपल्याकडे तो त्याच पद्धतीने करता येत नाही. कोणताही संग्राहक संच पूर्ण करण्यामागे असतो. या एका छंदात मात्र संच मुद्दाम अपुरा ठेवावा लागतो. त्याचं एक कारण कायद्यात आहे आणि दुसरं रसायनात. दोन्ही नीट समजून घेतली तर उरलेलं सामान निश्चिंतपणे जपता येतं, आणि ते जपण्यासारखं नक्कीच आहे.

पेटीत असतं काय

काडतूस चार गोष्टींचं बनतं: पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी, आत दारू आणि तोंडाशी छर्रे किंवा गोळी. चाप ओढला की टोपी भडका देते, दारू जळते, छर्रे निघून जातात. मागे राहते ती पुंगळी, आणि बनवायला सगळ्यात मेहनतीची वस्तूही तीच. ती टाकून का द्यायची, या साध्या हिशेबातून काडतुसं पुन्हा भरण्याची रीत आली. त्या काळी चांगली काडतुसं बर्मिंगहॅम आणि लंडनहून बोटीने येत. महाग असत, उशिरा पोचत, आणि पुठ्ठ्याची असतील तर पावसाळ्यात फुगत. त्यापेक्षा पितळी पुंगळ्या घेऊन ठेवायच्या आणि बाकीचं सामान वेगळं आणून घरीच भरायचं, हे मुलखात हिंडणाऱ्या शिकाऱ्याला परवडत असे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली आणि पेट्या माळ्यावर गेल्या.

बाराबोर म्हणजे काय, हेही सांगून टाकतो, कारण बंदूक घरात असलेल्यांनाही ते ठाऊक नसतं. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत अचूक बसेल ती बाराबोर. म्हणून सोळा बोरची नळी बारापेक्षा अरुंद असते.

आता हत्यारं. टोपी काढायचं आणि नवी बसवायचं चिमट्यासारखं साधन बहुतेक पेट्यांत असतं. पितळी पेला म्हणजे दारूचं आणि छर्‍यांचं माप. त्याचा तळ दांड्याबरोबर वर-खाली सरकतो आणि दांड्यावर ड्रॅम व औंसाच्या खुणा असतात. ड्रॅम हे काळ्या दारूचं, म्हणजे बंदुकीच्या जुन्या धूर करणाऱ्या दारूचं माप. एक ड्रॅम म्हणजे औंसाचा सोळावा भाग, पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. पेल्यावर ड्रॅमच्या खुणा दिसल्या की त्याचं नातं काळ्या दारूच्या जमान्याशी आहे असं समजायला हरकत नाही. त्यानंतर बिनधुराची दारू आली. ती तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक जोर देते. जुन्या मापाने नवी दारू भरून बंदुका फुटल्या, हातही गेले. शुल्ट्झ आणि ई.सी. नावाच्या बिनधुराच्या दारूंत हा धोका कमी होता. त्या मुद्दाम अशा फुलवून बनवत की जुन्याच मापात जुन्याइतकाच जोर देतील. त्यांचे डबे आज संग्राहक शोधत असतात. एका धोक्याच्या बदलाच्या मधल्या काळातली ही वस्तू आहे, आणि तिच्या लेबलावर तो बदल वाचता येतो.

मला सगळ्यात आवडतं ते मेजाला आवळायचं यंत्र. पुठ्ठ्याचं काडतूस त्यात आडवं ठेवतात, एका बाजूने दांडीने दाबतात आणि दुसऱ्या बाजूची मूठ गरागरा फिरवतात. करंजीची कड मुरडावी तसं पुठ्ठ्याचं तोंड आत वळत जातं आणि वरची चकती पक्की बसते. एका ओळखीच्या घरातलं असं यंत्र मी जवळून पाहिलं आहे. बिडाच्या अंगावर काळा रंग, मुठीचं लाकूड हाताळून गुळगुळीत झालेलं, आणि पुठ्ठा जिथे घासायचा त्या पोलादी खाचेत रेशमासारखी चकाकी, बाकी सगळं गंजलेलं असूनही. आवळायच्या स्क्रूच्या टोकाला चामड्याचा तुकडा खिळ्याने ठोकलेला होता, मेजाला चरा पडू नये म्हणून. तो कारखान्यातला नव्हे, घरातल्या कोणीतरी बसवलेला. असं काही आढळलं तर त्याला हात लावू नका, वस्तूचं अर्धं मोल तिथे असतं.

आपल्याकडच्या पेट्यांत बहुधा इंग्रजी माल असतो. शेफिल्डचे जेम्स डिक्सन आणि हॉक्सली ही त्यातली मोठी नावं. अमेरिकेची परंपरा वेगळी. तिथे आयडियल कंपनीने १८८० च्या दशकात पकडीसारखं एक हत्यार काढलं, ज्यात सगळी कामं एकाच दांड्यात होती. ती कंपनी पुढे १९२५ मध्ये लायमनकडे गेली. आज तिथले संग्राहक त्या पकडींमागे आणि ड्यूपाँट, हर्क्युलिस यांच्या दारूच्या डब्यांमागे असतात. इंटरनेटवर दिसणाऱ्या किमती त्या बाजारातल्या आहेत. त्या आपल्या पेटीला लावू नयेत.

कायदा अपुरेपणाला सूट देतो

मी वकील नाही. पण १९५९ चा शस्त्र कायदा कोणीही वाचू शकतो, आणि या छंदात पडायचं असेल तर वाचायलाच हवा.

आपण 'दारूगोळा' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे भरलेलं काडतूस येतं. कायद्याची व्याख्या त्याहून फार रुंद आहे. कलम २ मध्ये दारूगोळ्यात काडतुसाचे भागही येतात आणि तो बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे ते मेजाला आवळायचं लोखंडी यंत्र, ज्याला घरातले "आजोबांचं गंमतीचं मशीन" म्हणतात, ते कागदावर या व्याख्येच्या तावडीत सापडू शकतं. दारूगोळा बाळगायला कलम ३ चा परवाना लागतो आणि बनवायला कलम ५ चा. घरातल्या बंदुकीच्या परवान्यावर किती काडतुसं ठेवता येतील ते लिहिलेलं असतं. ती घरी बनवायची मुभा त्यात नसते. "आमच्याकडे लायसन आहे" हे वाक्य म्हणून इथे फारसं कामाचं नाही. त्यात परवाना आजोबांच्या नावावर असेल आणि आजोबा गेले असतील, तर तो परवाना वारसाला आपोआप लागू होत नाही. बंदूक आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. त्याचं कलम २१. बऱ्याच घरांत बंदूक जमा झालेली असते आणि पेटी मात्र कोणाच्याच लक्षात आलेली नसते.

आता सूट देणारं कलम, ४५. याचे दोन भाग आपल्या कामाचे. एक, कालबाह्य बनावटीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं शस्त्र, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही, ते कायद्याच्या बाहेर राहतं. दोन, शस्त्राचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ भाग बाळगायला हरकत नाही, जोवर ते त्यांच्या पूरक भागांबरोबर वापरायचा इरादा नाही. पूरक भाग तुमच्याकडे असोत की दुसऱ्या कोणाकडे. रिकाम्या पुंगळीला जी काही सावली मिळते ती या दुसऱ्या भागाची.

इथेच मेख आहे. शोकेसमध्ये एकटी पुंगळी असेल तर ती किरकोळ भाग. तिच्या शेजारी टोप्यांची डबी, खाली दारूचा डबा, बाजूला छर्रे आणि वर ते यंत्र मांडलं, तर पूरक भागांची यादी तुम्ही स्वतःच सजवून ठेवलीत. संग्राहकाला जे पूर्णत्व हवं असतं, तेच पुढे चौकशीत त्याच्या विरुद्ध उभं राहू शकतं. शिवाय ही सूट तुमची बाजू म्हणून मांडायची असते, बहुधा प्रकरण सुरू झाल्यावर. गुन्ह्यासाठी ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मधल्या गुणवंतलाल प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण माळ्यावर काय आहे हे ज्या दिवशी तुम्ही पाहिलंत, फोटो काढलात आणि चार ग्रुपांवर पाठवलात, त्या दिवसापासून "मला माहीतच नव्हतं" हा मार्ग बंद झाला.

मग करायचं काय? ठाणे शहर आणि नवी मुंबई दोन्हीकडे पोलीस आयुक्तालयं आहेत, आणि आयुक्तालयाच्या हद्दीत शस्त्र परवान्यांचं काम आयुक्तांकडे असतं. ग्रामीण भागात ते जिल्हाधिकाऱ्यांकडे. पेटीत काय काय आहे याची यादी करा, जुन्या परवान्याची प्रत जोडा, वकिलाकडून साधा अर्ज लिहून घ्या आणि लेखी विचारा. उत्तराला वेळ लागतो. तोंडी मिळालेलं "ठेवा हो, काही होत नाही" हे उत्तर ऐकून घ्यावं, पण त्यावर विसंबू नये. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो. म्हणून अशी वस्तू परस्पर परदेशी विकायचा विचारही नको. आणि बाहेरच्या संकेतस्थळांवरून पुंगळ्या, टोप्या किंवा हत्यारं कुरिअरने मागवू नका. सीमाशुल्क खात्याला तुमचा छंद कळत नाही, एक्स-रेमध्ये दिसणारा आकार कळतो.

माझ्या स्वतःच्या कपाटात आता रिकामी खोकी, लेबलं, किंमतपत्रकं आणि जाहिराती एवढंच आहे. कागदाला परवाना लागत नाही.

जिवंत काही सापडलं तर

हा भाग थोडक्यात, पण नीट वाचा. भरलेलं काडतूस, सुट्या टोप्या किंवा दारू असलेला डबा दिसला तर तो संग्रहाचा विषय राहत नाही. उघडायचा नाही, हलवून आवाज ऐकायचा नाही, पाण्यात टाकायचा नाही, गाडीत घालून ठाणे शहरात आणायचा नाही. जिथे आहे तिथे ठेवून खोली बंद करायची आणि ११२ ला फोन करायचा. भंगारवाल्याला तर मुळीच द्यायचा नाही. त्याच्याकडे घण असतो, गॅसकटर असतो आणि माहिती नसते. "खाडीत टाकून देऊ" असं एकाने मला अगदी सहज सांगितलं होतं. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि नसती तरी तिथे कोळी बांधवांची जाळी पडतात.

टोपीवर घोड्याची, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या भागाची खूण दिसते म्हणजे काडतूस उडालेलं आहे, असं धरू नका. बार फुसका गेला असेल तर खूण असते आणि आत सगळं तसंच असतं.

भीती घालायला हे सांगत नाही, यामागे साधं रसायन आहे. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण. ती कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही तितक्याच तत्परतेने पेटते. तिला वय नाही. "इतकी जुनी, काय उरलं असणार तिच्यात" हे वाक्य म्हणून सगळ्यात धोक्याचं.

बिनधुराच्या दारूचं उलट आहे. ती म्हातारी होते आणि म्हातारपणी बिघडते. तिचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नत्राम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. तो आपणहून अगदी हळूहळू विघटन पावत असतो आणि त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात. ते वायू आतच राहिले तर विघटनाचा वेग वाढवतात, त्यातून आणखी वायू, आणखी उष्णता. हे चक्र तोडायला कारखाने दारूत डायफिनिलअमाइनसारखं स्थिरक मिसळतात. ते वायू शोषून घेतं. पण ते वापरलं जातं, आणि संपलं की संपलं. मग डब्यातून झोंबणारा आंबट वास येतो, दाण्यांवर विटकरी धूळ दिसते, पत्रा आतून गंजतो. उष्णतेने हे सगळं लवकर होतं, आणि मे महिन्यातला कौलाखालचा माळा किती तापतो हे वेगळं सांगायला नको. स्थिरकाचं तंत्र कच्चं होतं त्या काळात फ्रेंच आरमाराने याची फार मोठी किंमत दिली. तुलाँ बंदरात १९०७ साली 'इएना' आणि १९११ साली 'लिबेर्ते' या दोन युद्धनौका बिघडलेल्या दारूमुळे फुटल्या आणि शेकडो माणसं गेली.

टोप्यांचाही भरवसा नाही. जुन्या टोप्यांत पाऱ्याचं फल्मिनेट असे. हा पदार्थ धक्क्याने उडतो म्हणूनच तो तिथे घातलेला असतो. टोपी उडाल्यावर मोकळा झालेला पारा पितळात मुरतो आणि पितळ ठिसूळ होतं. म्हणून त्या काळातली पुंगळी वरून सुरेख दिसली तरी हातातून पडली तर तडकू शकते.

दारूचा डबा रिकामा दिसला तरी त्याच्या सांध्यांत भुकटी अडकलेली असते. अशा डब्यावर ज्योत नको, सोल्डर नको, ग्राइंडर नको. गंज घालवायला डबा गॅसवर धरणारा माणूस मी पाहिलेला नाही, पण प्रश्न मात्र मला विचारला गेला आहे.

पितळ, पावसाळा आणि घोड्यांचे तबेले

आता जपणुकीकडे येतो. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्याच पावसाची आहे.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात लष्कराची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात. पावसाळा संपला की त्यांतल्या काहींच्या पितळी पुंगळ्यांना भेगा पडलेल्या दिसत. कोणी हात लावला नव्हता, ओझं पडलं नव्हतं, तरी पितळ आपोआप चिरलेलं. हवामानाच्या फेऱ्यात होतं म्हणून याला 'सीझन क्रॅकिंग' म्हणू लागले. खरं कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी मांडलं. पुंगळी बनवताना पितळाचा पेला थंड अवस्थेतच ओढून ओढून लांब करतात. त्यामुळे धातूच्या आत ताण साठून राहतो. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो, दमट हवेत तो पितळावर बसतो, आणि ताणलेल्या धातूच्या कणाकणांमधल्या सीमा तो पोखरतो. ताण आणि अमोनिया, दोन्ही एकत्र आले की भेग. उपाय निघाला तो ताणाचा: बनवल्यावर पुंगळी ठरावीक तापमानाला तापवून सैल करायची. अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक तात्या आहेत. त्यांना मी ही गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली, तर ते एवढंच म्हणाले, "अहो, पितळ दमतं. त्याला मधेमधे भट्टी दाखवावीच लागते. हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवायचे." काही लष्करी पुंगळ्यांच्या मानेपाशी निळसर-तपकिरी झाक दिसते ती या तापवण्याचीच. लोक तिला डाग समजून घासून काढतात.

काडतुसाच्या पितळात साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असतं. घरात यावरून काय लक्षात ठेवायचं? तबेला नसला तरी अमोनिया फ्लॅटमध्येही असतो. काचा पुसायच्या काही द्रावणांत, धातू चमकवायच्या काही पॉलिशमध्ये, मांजराच्या वाळूच्या ट्रेमध्ये. पुंगळ्या त्यांच्या आसपास नकोत, न्हाणीघरालगतच्या भिंतीच्या कपाटात तर नकोतच. चिंच, लिंबू आणि आंबट पावडरी याही नकोत. पितांबरी ठाण्याचीच, आणि देवघरातल्या समईला तिच्याइतकं सोयीचं काही नाही. पण संग्रहातली पुंगळी ही समई नव्हे. आम्लाने वरवरचं जस्त निघून जातं आणि तांब्याची गुलाबी झाक मागे राहते. ती परत पिवळी होत नाही. वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी थर हे पितळाचं स्वतःचं कवच आहे. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसायची आणि थांबायचं. झगझगीत केलेल्या पुंगळीला जाणकार कमी पैसे देतो.

खरी लढाई दमटपणाशी. ठाण्यात जुलै-ऑगस्टात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जाते. कागद आणि धातू एकत्र ठेवायचे तर ती पन्नासच्या आसपास आणायला हवी. एसी चोवीस तास चालवणं कोणाला परवडत नाही, आणि गरजही नाही. घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. जेल ओलं झालं की ओव्हनमध्ये मंद आचेवर कोरडं करून पुन्हा वापरता येतं. पीव्हीसीचं प्लॅस्टिक टाळा, ते जुनं झालं की त्यातून आम्लाचे अंश सुटतात. वर्तमानपत्रात गुंडाळायची आपली सवयही इथे सोडावी. तो कागद आम्लधर्मी असतो आणि ओल धरतो.

शिशाचं दुखणं वेगळं. लोक छर्रे सागवानी पेटीत किंवा प्लायवूडच्या खणात ठेवतात, शोभेसाठी. लाकडातून, विशेषतः प्लायवूड आणि एमडीएफमधून, आम्लाची सूक्ष्म वाफ सुटत राहते आणि तिने शिशावर पांढरी भुकटी धरते. ती विषारी आहे. दिसली तर फुंकर मारू नका, ओल्या कागदाने टिपा, हात साबणाने धुवा, आणि लहान मुलांच्या घरात तर छर्रे ठेवूच नका. संग्रहात त्यांचं काही मोठं मोल नसतं.

लोखंडी हत्यारांना शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात पुरे. लाल, भुसभुशीत गंज असेल तर केरोसीन आणि मऊ ब्रश. काळपट, घट्ट बसलेला थर तसाच राहू द्या. सँडपेपर लावला की कारखान्याची नावं आधी जातात.

नमद्याच्या चकत्या लोकरीच्या असतात आणि कसरीला, किड्यांना त्या प्रिय. संग्रहालयांत वापरतात तोच उपाय घरीही चालतो: हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये दोन आठवडे. फक्त सुट्या चकत्या, बाकी काही नाही. आणि घरच्यांना आधी सांगून.

लेबलं हा सगळ्यात नाजूक आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग. सेलोटेप लावू नका, वार्निश मारू नका, आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. प्रमाणपत्रं लॅमिनेट करून आपण बऱ्याच पिढ्यांचे कागद घालवले आहेत. फाटलेलं लेबल असेल तर डबा पारदर्शक मायलरच्या पट्टीत सैल गुंडाळा म्हणजे तुकडे हरवणार नाहीत. फारच दुर्मीळ काही असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, तिथल्या जाणकारांना विचारता येतं.

वय कसं ओळखायचं

इथे थोडी मजा आहे. पुंगळीच्या बुडावरची अक्षरं बघा. मधे बाण आणि दोन बाजूंना इंग्रजी के व एफ असेल तर ती खडकीची, पुण्याजवळच्या त्या दारूगोळा कारखान्याची, जो १८६९ पासून चालू आहे. शेजारचे दोन आकडे बहुधा वर्षाचे. .३०३ या जुन्या इंग्रजी लष्करी रायफलच्या पुंगळीवर रोमन सात दिसला तर तो १९१० साली आलेला सातवा मार्क, म्हणजे त्या काडतुसाची सातवी आवृत्ती. दुसऱ्या महायुद्धात उल्हासनगरच्या जागी कल्याण कॅम्प ही मोठी लष्करी छावणी होती, त्यामुळे या भागात अशी पुंगळी कोणाच्या घरी निघाली तर नवल वाटायला नको.

खोक्यांवर कंपनीचं नाव तारीख सांगतं. ईली आणि कायनॉक या काडतुसं बनवणाऱ्या मुळात वेगळ्या इंग्रजी कंपन्या. १९१८ साली त्या एका छत्राखाली आल्या, आणि १९२६ मध्ये ते छत्र आयसीआय या मोठ्या इंग्रजी रसायन कंपनीमध्ये गेलं. म्हणजे खोक्यावर नुसतं 'ईली ब्रदर्स' असेल तर माल बहुधा जुना. 'ईली-कायनॉक' आणि आयसीआयचा गोल शिक्का असेल तर १९२६ नंतरचा. मुंबईच्या दुकानदाराने चिकटवलेली किमतीची चिठ्ठी सापडली तर सोन्याहून पिवळं. किंमत आण्यांत असेल तर ती बहुधा १९५७ च्या आधीची, कारण त्या वर्षी १ एप्रिलला नवा पैसा आला.

रायफलच्या पुंगळीत वरून डोकावलं तर बुडाशी भोकं दिसतात. मधोमध एक मोठं असेल तर ती बॉक्सर पद्धत, दोन बारीक असतील तर बर्डन. गंमत म्हणजे बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन. पण अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपने अमेरिकनाची. बर्डनची टोपी काढणं कटकटीचं, म्हणून तशा लष्करी पुंगळ्या घरी भरण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नसे.

प्रत्येक वस्तूची नोंद ठेवा: फोटो मोजपट्टीसह, कुठल्या घरातून आली, कोणी काय सांगितलं. आजीला विचारा, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा. कोणत्या सणाआधी छर्रे आणले जात आणि पेटीला कोणाला हात लावू देत नसत, हे कुठल्याच कॅटलॉगमध्ये मिळणार नाही.

किमतीचं विचारलं होतं. रिकाम्या डब्याला लेबलावर भाव मिळतो, खोक्याला कोपऱ्यांवर, यंत्राला नावाच्या ठशावर. चोरबाजारात पुंगळ्या किलोवर विकलेल्या दिसतात आणि तिथे भावापेक्षा पावतीचा प्रश्न मोठा असतो. जे विकत घेतलं त्याचं बिल नसेल तर ते घेऊ नका.

आणि किल्लीच्या जुडग्याला पुंगळी लटकवायची फॅशन आहे ना, ती घरच्या घरी ठीक. विमानतळावर जाताना ते जुडगं घरीच ठेवा, बॅगेचे कप्पे आदल्या रात्री उलटे करून बघा, आणि गावाहून आणलेली जुनी पिशवी हँडबॅग म्हणून उचलू नका. विसरलेल्या एका काडतुसासाठी पोलीस ठाण्यात रात्र काढून पुढे उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलेली माणसं आहेत, आणि कलम ४५ चा उपयोग त्यांना विमान चुकल्यानंतर झाला.